कंसातला चार

नाशिकच्या कॉलेजात मी वीस वर्षं संख्याशास्त्र शिकवते आहे. कमीत कमी खडूत जास्तीत जास्त सांगायचं, हा माझा तोरा. टोमॅटोच्या क्रेटची वजनं कशी पसरलेली असतात हे सांगायला मी फळ्यावर एवढंच लिहायची: नॉर्मल वितरणाचा मोठा एन, कंसात वीस आणि चार. वीस किलो सरासरी, आणि वजन साधारण चार किलोनं मागंपुढं होतं, असं तोंडी सांगून मोकळी.

चाचणीत विचारलं, चोवीस किलोच्या वर किती क्रेट जातील? माझं उत्तर शंभरात सोळा. सिन्नरहून येणाऱ्या एका मुलीनं शंभरात दोन लिहिलं. मी शून्य दिलं आणि तेवढ्यावर ती नापास झाली.

दुसऱ्या दिवशी ती पेपर घेऊन आली. हे आपल्याला जमणार नाही, विषय बदलते म्हणाली. फरक चार किलोचा सांगितला होता, त्याचे दोन कुठून आणलेस, असं मी जरा चिडूनच विचारलं. तिनं पुस्तक उघडून दाखवलं. पुस्तकात कंसातला दुसरा आकडा म्हणजे त्या फरकाचा वर्ग होता. चार लिहिले तर फरक दोनच किलोचा, आणि मग चोवीसच्या वर शंभरात दोनच क्रेट.

"आणि मॅडम," ती हळूच म्हणाली, "आमच्याकडं टोमॅटोच हाय. शंभरात सोळा क्रेट चोवीसच्या वर कधी भरतच नाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन्ही पद्धती चालतात, पण पुस्तक एक म्हणणार आणि मी दुसरं, तर मुलांनी करायचं काय? तिचे गुण मी तिथल्या तिथे वाढवले आणि विषय बदलायचा नाही, असं बजावलं.

वर्गात सगळ्यांसमोर चूक कबूल केली. आता फळ्यावर पूर्ण लिहायचं: सरासरी वीस किलो, प्रमाण विचलन, म्हणजे तो मागंपुढं होणारा फरक, दोन किलो. दरवेळी, एककासकट. असं लिहीत बसलात तर पोर्शन संपायचा नाही, असं एक सहकारी म्हणाले. नाही संपला तर जादा तास घेईन, म्हटलं. ती मुलगी पहिल्या बाकावर बसून सगळं उतरवून घेत होती.

रविवारी इंदिरानगरच्या घरी बाकीचे पेपर पुन्हा काढले. पैकीच्या पैकी गुण दिलेल्या तीन पेपरांत आधी 'शंभरात दोन' लिहिलेलं होतं. माझा शब्द प्रमाण मानून तिघांनी ते खोडून सोळा केलं होतं.