समजलं का, कुंटे सर?

वैजनाथ कुंटे सर सव्वीस वर्षं दहावीला बीजगणित शिकवत होते आणि आपल्याइतकं सोपं करून कुणी शिकवत नाही, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. पुरावाही होता. उदाहरण संपलं की ते हात झटकत विचारत, "समजलं?" आणि अख्खा वर्ग म्हणे, "होऽऽ सर!" सव्वीस वर्षांत एकही नकार नाही. आणखी काय हवं?

मग २००२ साली शाळेने फर्मान काढलं: दिवाळीपूर्वी संगणकाची परीक्षा पास व्हा, नाहीतर दहावीचा वर्ग सोडा. पाचवीला पाढे शिकवायच्या कल्पनेनेच सरांना कणकण आली. ते सदाशिव पेठेतल्या एका क्लासात गेले, तर शिकवायला सुहाना बागवान! मंडईतल्या फळवाल्या अमीनभाईंची मुलगी, सहा वर्षांपूर्वीची त्यांचीच विद्यार्थिनी.

ती प्रत्येक पायरीला विचारायची, "समजलं ना, सर?"

"हो, हो. सोपंच आहे."

सोपं कसलं डोंबलाचं! पण विद्यार्थिनीसमोर नाही कोण म्हणणार? त्यामुळे टाइप केलेलं संगणकात साठवून ठेवावं लागतं, हे सरांच्या गावीही नव्हतं. आजचा अर्ज उद्या गायब. क्लासवाले रोज सगळं पुसून टाकत असावेत, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली आणि तीन आठवडे तोच रजेचा अर्ज मुकाट्याने नव्याने टाइप केला. "सरांची चिकाटी बघा," असं सुहाना इतरांना सांगायची. सर आणखी जोरात बटणं बडवायचे.

परीक्षेच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "सर, कालचा अर्ज उघडा."

असता तर उघडला असता. सरांनी आधी संगणकावर खापर फोडून पाहिलं. सुहानाने त्याच संगणकावर दुसऱ्या कुणाचा तरी कालचा अर्ज उघडून दाखवला. दहावीचा वर्ग हातचा जाताना दिसू लागला, तशी सरांची रग उतरली.

"मला पहिल्या दिवसापासून काही समजलेलं नाही गं. विचारायची लाज वाटली."

ती हसली नाही. खुर्ची ओढून शेजारी बसली. "मीपण तुमच्या तासाला असंच हो म्हणायचे, सर. तुम्ही लगेच पुढचं उदाहरण घ्यायचात."

मग तिने पहिल्यापासून शिकवलं, आणि सर जिथे अडले तिथे न लाजता "नाही" म्हणाले.

सर काठावर पास झाले. वर्ग राहिला. पुढच्याच तासाला त्यांनी उदाहरण संपवून विचारलं, "समजलं?"

"होऽऽ सर!"

सरांनी खडू खाली ठेवला. "महिनाभर मीही क्लासात हेच म्हणत होतो," ते म्हणाले, "आणि मला ओ की ठो कळत नव्हतं. आता खरं सांगा, कुणाकुणाला समजलेलं नाही? रागावणार नाही."

मग पहिल्या बाकावरच्या हुशार उत्कर्षाचा हात वर आला. तिच्या मागे दुसरा, आणि बघता बघता सगळ्या वर्गाचे. सरांना फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त हायसं वाटलं.

"बरं," ते म्हणाले, "कुठपासून?"

"जूनपासून, सर."