विल्ट्रूडच्या बाजूचा ठसा

आमच्या टेनिस क्लबात विजेत्यांची लाकडी पाटी आहे. तिच्यावर विल्ट्रूडचं नाव इतक्या वेळा आलंय की बाकीच्यांना जागा उरली नाही. आयुष्यभर पोस्टाच्या खिडकीत तिकिटं विकली बाईनं, पण रविवारी रॅकेट घेऊन निघाली की ऱ्हाइनकाठच्या सगळ्या गावांत दरारा. चारदा प्रांताची विजेती, एकदा अख्ख्या जर्मनीची, साठीनंतर ज्येष्ठांच्या गटात पुन्हा देशाची. आणि आता सत्तरीत, गेले दोन हंगाम, एकही सामना हरली नव्हती. तिला या शेवटच्या दोन हंगामांचंच कौतुक जास्त.

"तरुणपणी कुणीही जिंकतं गं लोरे," ती मला म्हणायची. "या वयात जिंकून दाखवा."

मी क्लबचं स्वयंपाकघर सांभाळते. सामना संपला की पाहुण्या संघाला जेवू घालायचं, हा आमच्याकडचा नेम. त्या रविवारी शेजारच्या गावच्या बायका आल्या होत्या. बटाट्याचं सॅलड, सॉसेज, मागून आलुबुखाराचा केक. विल्ट्रूडनं शेवटच्या सामन्याचा दहा गुणांचा निर्णायक डाव, ज्यात दोन गुणांची आघाडी लागते, दहा-आठ असा खेचून घेतला होता आणि आमचा संघ वरच्या गटात गेला होता. रिवाजाप्रमाणे तिनं स्वतः लाल मातीवर जाळं ओढून कोर्ट सारखं केलं आणि मग जेवायला बसली.

आमच्या सामन्यांना पंच नसतो. चेंडू ज्याच्या बाजूला पडला, त्यानं मातीतला ठसा बघून आत की बाहेर ते सांगायचं. समोरच्याला शंका आली तर तो येऊन बघतो. तो हक्कच आहे त्याचा.

वाइनचा दुसरा पेला पोटात गेल्यावर विल्ट्रूडकडून हरलेली इर्मगार्ड खुलली. स्वभावानं भली बाई, तिच्या मनात काही वाकडं नव्हतं.

"आमच्या गावात आम्ही ठरवूनच टाकलंय," ती हसत म्हणाली. "विल्ट्रूडबाईंनी बाहेर म्हटलं की बाहेर! ठसा बघायला जायचं नाही. एवढं कमावलंय त्यांनी, एखाद-दुसरा गुण काय घेऊन बसायचं?"

सगळ्या प्रेमानं हसल्या. विल्ट्रूडनं काटा खाली ठेवला.

"म्हणजे शेवटचा चेंडू आत होता?"

इर्मगार्डनं जीभ चावली. "अहो, जाऊ द्या ना..."

"आत होता का?"

"रेषेवर होता."

विल्ट्रूड आमच्या संघनायिकेकडे वळली. "गेर्लिंड, तुला माहीत होतं?"

गेर्लिंड सॅलड ढवळत बसली. "तुझ्या डोळ्यांचं... आम्हाला वाटलं, उगाच कशाला बोलून दुखवायचं."

"कधीपासून?"

एवढ्या बायका, एरवी पावाच्या भावावरून तासभर भांडणाऱ्या, ताटात डोळे घालून बसल्या. मला त्यांचा संताप आला आणि त्याहून जास्त लाज वाटली, कारण स्वयंपाकघराबाहेरच्या गच्चीवरून मलाही ते ठसे दिसत होतेच.

विल्ट्रूडच्या डोळ्यांत मधोमध डाग आला होता. धावता चेंडू कडेनं दिसायचा, पण ज्याच्याकडे रोखून बघावं तेच नाहीसं व्हायचं. ठसा तिला दिसतच नव्हता. ती अंदाजानं बोलायची आणि कुणी येऊन बघत नाही म्हणजे आपलं बरोबरच, असं धरून चालायची.

तिचा चेहरा मानेपर्यंत लाल झाला. "दोन वर्षं," ती म्हणाली, "मी तुमच्या दारात हात पसरून उभी होते आणि मला वाटत होतं मी जिंकतेय."

ती उठली. "चला इर्मगार्ड. नऊ-नऊ. पुढे खेळू. लोरे, तू माझ्या रेषेवर उभी राहा. जे दिसेल ते बोल."

"अहो, जेवण..."

"चला म्हणते ना!"

पहिला गुण इर्मगार्डनं घेतला. चेंडू रेषेला चाटून गेला. मी "आत" म्हटलं. दहा-नऊ. पुढच्या खेळीत विल्ट्रूडचा चेंडू मऊ, कमरेएवढा, इर्मगार्डच्या अगदी पुढ्यात आला. शाळकरी पोरीनंही मारला असता. इर्मगार्डनं तो सरळ जाळीत घातला.

"चुकला बाई!" ती घाईघाईनं म्हणाली.

विल्ट्रूड हलली नाही. दिसलं नसेल तिला, पण साठ वर्षं रॅकेटचा आवाज ऐकलाय तिनं.

"हाही दिलात?" ती म्हणाली. आवाज इतका हळू होता की मला वाटलं, रडते की काय. "मला एकदा तरी खरं हरवा हो. एवढी तरी किंमत ठेवा माझी."

इर्मगार्डनं मान खाली घातली, डोळे पुसले. तो गुण पुन्हा खेळायचं ठरलं. मग तिनं सर्व्हिस मारली, अशी सणसणीत की दिवसभरात तिनं तशी मारली नव्हती. चेंडू विल्ट्रूडच्या रॅकेटखालून निघून गेला.

"आत," मी म्हटलं.

"ठसा बघितलास?"

"बघितला."

"नीट?"

"नीट बघितला, विल्ट्रूड. आत आहे. अकरा-नऊ."

ती जाळीपाशी गेली आणि हात पुढे केला. गच्चीवर बायका उभ्या होत्या, पण टाळी वाजवायची एकीचीही हिंमत झाली नाही.