आकाश दिसलं का?

बापूकाका वैरागड्यांच्या हातात कुठलीही पोकळ वस्तू आली, की ते ती आधी डोळ्याला लावून आकाशाकडे बघत. होसपाइप, बासरी, गुंडाळलेलं कॅलेंडर, चकलीचा सोऱ्या, काहीही. टेक्सासातल्या शुगर लँडच्या आमच्या मराठी मंडळाच्या पिकनिकला मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा हा साठीचा ताडमाड गृहस्थ तंबूचा दांडा डोळ्याला लावून उभा होता आणि मागे वीस-पंचवीस माणसं त्या तंबूची वाट बघत उन्हात वितळत होती. वितळत होती हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही. आमच्या शेजारच्या वहिनींना आम्ही संध्याकाळी बादलीत भरूनच घरी पोचवलं.

"आकाश दिसून राहिलं," काकांनी जाहीर केलं आणि मगच तंबू उभा राहिला.

काका मूळचे चंद्रपूरकडचे. तीस वर्षं ह्यूस्टनच्या आसपास तेलाच्या पाइपलाइनी टाकण्यात गेलेली, त्यामुळे नळीत डोकावणं ही धंद्याची खोड असेल असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. बंदुकांतलं त्यांना जेवढं कळतं तेवढं टेक्सासच्या गव्हर्नरलाही कळत नसेल, अशी मंडळात ख्याती होती. मला त्या ख्यातीशी काही देणंघेणं नव्हतं. लहानपणी पुण्यात मी लवंगी फटाका लावायला शेजारच्या वाड्यातून माणूस बोलवत असे, आणि तो लावत असताना मी कात्रजला असे.

पण दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात माझ्यावर रँडी कोसळला. रँडी म्हणजे माझा मॅनेजर. मजला अर्धा रिकामा झालेला, दर शुक्रवारी कुणीतरी खोक्यात आपला कप आणि कुंडी भरून निघायचं. माझं ग्रीन कार्ड कंपनीच्या हातात, व्हिसाचं शेवटचं वर्ष, मेधाला तिसरा महिना. अशात रँडीनं माझ्या खांद्यावर परातीएवढा हात ठेवला आणि म्हणाला, "नोव्हेंबरात माझ्या रँचवर ये. सकाळी क्ले, दुपारी क्वेल. ब्रिंग युअर गन!" म्हणजे सकाळी हवेत उडवलेल्या मातीच्या बशा फोडायच्या आणि दुपारी लावे मारायचे. रँचवर ज्याला बोलावणं येतं तो टिकतो, अशी कॅफेटेरियातली वदंता होती. मी "शुअर, रँडी!" म्हणालो. माझ्या तोंडातून ते कोण बोललं, हे मला आजतागायत समजलेलं नाही.

मी काकांकडे गेलो. म्हटलं, "काका, बशा आणि पक्षी, दोन्हींना चालेल अशी एकच बंदूक सांगा. दुसरी घेतली तर मेधा माझ्यावरच चालवेल."

"काहून घाबरून राहिला बे पुणेकर?"

"बंदुकीची भीती वाटते, काका."

"मग झालं तर. अर्धं काम झालं. ज्याला भीती वाटत नाही ना, त्याच्या हाती मी लाटणंही देत नाही."

दुकानात मी थेट रँडीकडे होती तसली बंदूक उचलली: काळी, दणकट, एकामागून एक पाच बार काढणारी. काकांनी ती माझ्या हातून अलगद काढून घेतली. "ही चांगली आहे. धक्का कमी मारते, बशांना बेस. पण हिच्या पोटात काय आहे ते हिलाच माहीत." मग त्यांनी एक दुनळी काढली, एकावर एक नळी असलेली, आणि मधोमध मोडून उघडी केली. "ही पाह्य. मोडली की अख्ख्या गावाला दिसते, रिकामी आहे म्हणून. आपल्यासारख्या भित्र्या माणसाला हीच पाहिजे."

"पण काका, दोनच बार?"

"दोन काडतुसांत नाही पडला, तर तो पक्षी तुझा नव्हता. जाऊ दे ना त्याला घरी, त्यालाही बायको असंल."

मग अर्धा तास त्यांनी मला लग्नाच्या मुलीसारखं तपासलं. डोळे मीट, बंदूक खांद्याला लाव, आता उघड. नळीवरून सरळ दिसतं का? नाही? मग हा मागचा दस्ता तुला लांब आहे, दुसरी आण. बशांना जड बंदूक बरी, ती हलत नाही. पक्ष्यामागं दिवसभर हिंडायला हलकी बरी. काकांनी सव्वातीन किलोवर तडजोड केली. नळ्यांच्या तोंडाशी पेचाच्या बारीक कड्या बसतात, त्या बदलल्या की छर्रे लवकर पसरतात किंवा लांबपर्यंत एकत्र जातात. "होसपाइपच्या तोंडावर अंगठा ठेवतो ना झाडांना पाणी घालताना? तसंच. लाव्याला मोकळी कडी, लांबच्या बशीला आवळ. बंदूक एकच, अंगठा बदलायचा."

व्हिसावाल्याला बंदूक घ्यायची तर शिकारीचा परवाना लागतो. तो मी आधीच काढून लॅमिनेट करून गळ्यात अडकवला होता. तरी फॉर्म भरताना माझं आडनाव दुकानदाराला भूकंपमापकावरच्या रेघेसारखं दिसलं असणार. त्यानं कुठंतरी फोन लावला. पलीकडून उत्तर आलं: थांबा. तीन दिवस थांबलो. मिशा काढल्या. घराबाहेर गाडीचं दार वाजलं की मी मेधाला म्हणायचो, "पोलीस आले!" पोस्टमनच असायचा.

बंदूक मिळाल्यावर काका मला दर शनिवारी नेमबाजीच्या रेंजवर नेऊ लागले. प्रत्येक वेळी तोच विधी. बंदूक उघडायची, मागच्या बाजूनं दोन्ही नळ्यांतून वर बघायचं. ("तोंडाकडून पाहणारा एकदाच पाहतो!") ते विचारणार, "आकाश दिसलं का?" मी मोठ्यानं "दिसलं" म्हणायचं, मग काडतूस. बाजूचे लोक हसायचे. मी म्हणालो, "काका, आत्ता दोन मिनिटांपूर्वी तर बघितलं."

"दोन मिनिटांपूर्वीचं आकाश ते. आत्ताचं पाह्य."

स्वतः काकांनी मात्र माझ्यादेखत कधी बार काढला नाही. त्यांची जुनी दुनळी ते सोबत आणत, उघडत, बघत, पुसत आणि बाकावर ठेवत. "आज खांदा दुखून राहिला." पुढच्या शनिवारीही खांदाच. मी मनात म्हटलं, एवढ्या थोर नेमबाजाला माझ्यासारख्या नवशिक्यापुढे नेम दाखवणं कमीपणाचं वाटत असेल.

दसरा आला. खंडेनवमीला मेधानं घरातली शस्त्रं मांडली: लॅपटॉप, मिक्सर, सुरी, माझा स्क्रूड्रायव्हर आणि भिंतीशी टेकवून, तोंड वर करून, दुनळी. हळदीकुंकू वाहिलं. वरच्या नळीत उदबत्ती खोचली. खालच्या नळीत देठासकट झेंडू आणि परसातल्या कांचनाचं पान, कारण टेक्सासात आपटा कुठला? फूल आत घसरू नये म्हणून ओल्या कापसाचा बोळा दाबून बसवला. मी हात जोडून म्हणालो, "व्वा, किती छान दिसतंय!" दुसऱ्या दिवशी तिनं उदबत्तीची काडी काढली, झेंडू ओढला, तो हातात आला, आणि मी ते शस्त्र चिमटीत धरून खोक्यात घालून कपाटात ठेवून दिलं. पुढचे तीन आठवडे ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज होतं. रेंजवर गेलो नाही. खोकं उघडायचा तर प्रश्नच नव्हता. मी त्या कपाटावरून जातानासुद्धा पाय न वाजवता जायचो.

रँचवरची सकाळ माझ्या नशिबानं पावसात गेली, बशा रद्द झाल्या. दुपारी उघडलं. रँडी, त्याचे दोन दांडगे मित्र आणि दोन कुत्री. गवत कमरेपर्यंत. कुत्री एकदम गोठली, शेपट्या ताठ, नाकं एका झुडपाकडे. "लोड अप! तूच पहिला!" रँडी कुजबुजला, आणि टेक्सासात कुजबुज चार मैलांवर ऐकू जाते. सगळे माझ्याकडे बघत होते. माझं कार्ड, माझं घर, मेधाच्या पोटातलं बाळ, सगळं त्या झुडपात दडून बसलं होतं.

मी बंदूक उघडली, काडतुसं हातात घेतली. आता ह्या लोकांसमोर नळी डोळ्याला लावायची? मी लावणार नव्हतो. शपथेवर सांगतो, लावणार नव्हतो. पण भीतीनं माझी मान आपोआप वर झाली, आणि तिच्याबरोबर नळीही.

वरच्या नळीत आकाश होतं. खालच्या नळीत रात्र होती.

"व्हॉट्स द होल्डअप?" रँडी म्हणाला. मी नुसती बंदूक पुढे केली. त्यानं मागून डोकावलं. कुत्री तशीच उभी. लावे भुर्रकन उडाले, एकानंही बार काढला नाही. रँडीनं गाडीतून गज आणला आणि ढोसला, तेव्हा वाळून दगड झालेला कापूस, झेंडूचा देठ आणि सोन्याचा चुरा झालेलं कांचनाचं पान बाहेर पडलं. खालच्याच नळीचा बार आधी उडतो, आणि नळी तुंबलेली असली की ती हातातच फुटते. नळीला माझा डावा हात होता आणि त्यामागे माझं तोंड.

"हू द हेल पुट फ्लॉवर्स इन अ शॉटगन?" रँडीनं विचारलं.

"गॉड," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार?

रँडी पांढराफटक पडला होता. त्यानं आपली काळी बंदूक रिकामी केली, आतून तपासली आणि मित्रांनाही तेच करायला लावलं. माझी नोकरी टिकली. त्याच्या रँचवर पुढं पाहुण्यांना पहिला प्रश्न "कॅन यू सी द स्काय?" असा विचारला जातो, असं ऐकतो.

परत येताच मी काकांकडे गेलो. दारातच, हातवारे करकरून, चार कुत्री आणि शंभर लावे घालून, सगळं सांगितलं. वाटलं, हसतील, शिव्या घालतील. काका ड्राइव्हवेवरच खाली बसले. दोन्ही हात गुडघ्यांत दाबून धरले.

"खालची नळी?" त्यांनी विचारलं.

"हो."

ते उठून आत गेले. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही, आणि माझीही छाती झाली नाही.

पाच वर्षांनी काकांचं हृदय बिघडलं. ऑपरेशनआधी डॉक्टरांनी पडद्यावर त्यांच्या रक्तवाहिन्या दाखवल्या, तर काका मला म्हणाले, "पाह्य बे पुणेकर, तिन्ही नळ्या बंद. आकाश नाही." मी म्हटलं, "साफ होतील काका." "व्हायच्या तर होतील," ते म्हणाले. "पण पाहून घेतलेलं बरं." ते टेबलावरून परत आले नाहीत.

तेराव्यानंतर काकूंनी मला बोलावून घेतलं. काकांची दुनळी त्यांना घरात ठेवायची नव्हती. मी ती हातात घेतली. आत कारखान्याच्या तेलाचा वास, धुराचा डाग कुठंच नाही. आता मला एवढं कळत होतं. म्हटलं, "काकू, हिच्यातून एकही बार निघालेला नाही."

"नाहीच," काकू म्हणाल्या. "चौदा वर्षांचे होते हे. मोठे भाऊ शिकारीला निघाले, त्यांची बंदूक ह्यांच्या हाती. धानाच्या बांधावर पाय घसरला, तर बंदूक टेकून उभे राहिले. नळीचं तोंड चिखलात. भावाला सांगितलं नाही, रागावतील म्हणून. नुसती बाहेरून पुसून दिली. भावानं काढलेला तो शेवटचा बार."



मी दुनळी उघडली आणि मागच्या बाजूनं डोळ्याला लावली. खिडकीबाहेर सप्टेंबरचं टेक्सास पेटलं होतं.

"काय दिसलं?" काकूंनी विचारलं.

"आकाश."

"त्यांनाही तेच दिसायचं," काकू म्हणाल्या. "तरी रोज बघायचे."