कूलर बंद पडला तेव्हा

त्या उन्हाळ्यात माझी दाढ दुखते आहे हे लखनौमधल्या झाडून सगळ्या मराठी घरांना माहीत होतं. दाढ ठणठणीत होती. निशातगंजच्या एका गल्लीत खाली दातांचा दवाखाना होता आणि वरच्या मजल्यावर मनाचे आजार बघणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंचा. चढू की नको करत मी त्या जिन्यापाशी उभी होते, तेवढ्यात आमच्या मराठी मंडळातल्या एका बाईंनी मला गाठलं. त्या कॅन्टोन्मेंटमध्ये राहायच्या. नवरा फौजेत, पण फौजेतला आवाज यांच्याकडे. "काय गं, इकडे कुठे?" त्यांनी रस्त्याच्या पलीकडूनच विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "दाढ!" आणि जिना न चढताच मी टेंपोत बसून अलीगंजला घरी आले.

संध्याकाळी लवंगेच्या तेलाची बाटली दारात हजर. मग फोन सुरू झाले. कुणी मिठाच्या गुळण्या सांगितल्या, कुणी म्हणालं काढूनच टाक एकदाची, कुणी रात्रीचा स्वयंपाक पाठवू का म्हणून विचारलं. मला त्या सगळ्यांचा भयंकर राग आला. दाढेसाठी एवढी माया! खरं कारण कळलं असतं तर हीच माणसं आमच्या दारावरून पाय न वाजवता गेली असती, असं मला वाटत होतं. खरंखोटं मला आजही माहीत नाही, कारण मी कुणाला सांगून पाहिलंच नव्हतं.

खरं कारण असं, की हिवाळ्यापासून मला स्वस्थ बसता येत नव्हतं. सकाळी डोळे उघडले की छातीत धडधड सुरू. झालेलं काहीच नसायचं. दूधवाला भैया येऊन गेलेला, मुलगी मोजे शोधते आहे, नवरा आरशासमोर, आणि माझे हातपाय गार. चहाचं आधण ठेवायचं, तिथे उभं राहवत नाही म्हणून गच्चीत जायचं, गच्चीत गेलं की आधण आटलं असेल म्हणून धावत खाली यायचं. मुलीच्या वेण्या घालताना मी भांग पाडायचे, मोडायचे, पुन्हा पाडायचे. "आई, छोड़ो ना, बस निकल जाएगी," ती वैतागून हिंदीत ओरडायची. टेंपोत बसलं की कधी एकदा उतरते असं व्हायचं आणि उतरलं की भर बाजारात कुठे जावं ते सुचायचं नाही. कपूरथला चौराह्यावर एकदा मला रस्ताच ओलांडता येईना. समोर सब्जीवाला विचारतोय, "बहनजी, पालक लेंगी?" आणि मी पालकाच्या जुडीकडे बघून रडते आहे. यात हसण्यासारखं भरपूर आहे हे मलाही कळत होतं. हसू मात्र येत नव्हतं.

धडधड एकवेळ परवडली. दुपारी घर रिकामं झालं की जे यायचं ते जास्त वाईट होतं. कशातच राम वाटायचा नाही. मुलीचं प्रगतिपुस्तक चांगलं आलं, नवऱ्याला बढती मिळाली, माहेरहून आंब्यांची पेटी आली. सगळं मला दुसऱ्या कुणाच्या तरी घरात घडल्यासारखं वाटायचं. आंबे मी वाटून टाकले. मंडळातल्या एकदोघींना माझा उतरलेला चेहरा दिसला होता. त्यांचा सल्ला ठरलेला: मन रमव, पहाटे फिरायला जा, तुला काय कमी आहे? मला काय कमी आहे ते मला ठाऊक असतं, तर निशातगंजच्या बाजारातून पिशवी भरून नसतं का आणलं?

घराजवळच्या डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला, रक्त तपासलं, सगळं नॉर्मल. "टेंशन मत लिया कीजिए," असं म्हणून त्यांनी मला घरी पाठवलं. पुन्हा गेले तेव्हा मी त्यांच्या खुर्चीसमोरून उठेचना. ते जरा आवाज उतरवून म्हणाले, "एक बार मन के डॉक्टर को दिखा लीजिए। इसमें कोई हर्ज नहीं है।" निशातगंजचा पत्ता त्यांनीच दिला.

माझा नवरा शास्त्रज्ञ. एका संशोधन संस्थेत औषधांवर काम करायचा, आणि त्याच्या विभागात उंदरांच्या भीतीचा अभ्यास चाले. जमिनीपासून उंच अशा फळ्यांच्या चौफुल्यावर उंदीर सोडायचा. दोन फळ्यांना भिंती, दोन उघड्या. घाबरलेला उंदीर भिंतींच्या आडोशाला बसून राहतो, औषध लागू पडलं की उघड्या फळीवर यायला लागतो. जेवताना हे तो मोठ्या हौसेनं सांगायचा. डॉक्टरांचा सल्ला मी त्याला सांगितला तेव्हा मात्र त्याचा घास हातातच राहिला. "दिवाळीत सांगलीला जाऊ, तेव्हा तिकडे दाखवू कुणाला तरी," तो म्हणाला. "इथे नको. इथे आपली माणसं किती, मोजकी. उद्या आपल्या मुलीला कुणी..." पुढचं त्यानं गिळलं.

"आणि दिवाळीपर्यंत मी काय करायचं?" मी विचारलं. तो उठून हात धुवायला गेला.

म्हणून मी एकटी गेले होते, आणि जिन्यापाशी दाढ काढून परत आले होते. त्या लवंगेच्या तेलानं माझं एक काम मात्र केलं. मला इतका राग आला की भीती थोडा वेळ मागे पडली. बाटली टेबलावर आपटून मी नवऱ्याला म्हणाले, "परवा तुम्ही माझ्याबरोबर येताय. नाही आलात तर मी त्या फौजी बाईंना सोबत घेऊन जाईन." तो आला.

परमुलखात राहणाऱ्या मराठी माणसांना एक खोड लागते. चारचौघांत मराठी म्हणजे आपली दार लावून घेतलेली खोली, असं आपण धरून चालतो. दुकानदारासमोर बिनधास्त म्हणतो, "लुटतोय हा, चला पुढे." पाहुणे पानावर बसलेले असताना हसतमुखानं बजावतो, "अहो, भात पुरणार नाही, तुम्ही कमी घ्या." आम्ही तर त्यात पटाईत होतो. घरात हिंदीमिश्रित बोलणारे आम्ही दोघं बाहेर पडलो की अगदी शुद्ध मराठीत भांडायचो. स्कूटरवर, सिनेमाच्या रांगेत, त्याच्या साहेबाच्या दिवाणखान्यात सुद्धा.

दवाखान्याची खोली लहान आणि लोक फार. केस पिंजारलेली, बडबडणारी माणसं असतील अशी माझी समजूत होती. तिथे बँकेत दिसतात तशीच माणसं बसली होती. शेजारी एक आजीबाई सुनेला घेऊन आल्या होत्या. डॉक्टरीणबाईंची खोली म्हणजे प्लायवूडचा आडोसा, तोही छतापर्यंत न पोचलेला. खिडकीतला कूलर इतका घरघरत होता की शेजारच्या माणसाशी बोलायचं तर ओरडावं लागे. मी बसले, उठले, दारापर्यंत गेले, परत बसले. माझ्या उठबशीनं लाकडी बाक हलत असणार, कारण आजीबाईंनी दोनदा माझ्याकडे वळून पाहिलं.

"हे बघ," नवरा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "आत गेल्यावर फक्त झोप लागत नाही एवढंच सांग. गोळी देतील, ती घेऊन निघू."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं कशाला उगाळायचं? नाही ते नाव लावतील. मग ते आयुष्यभर चिकटतं."

मला काय झालं कोण जाणे. कूलरच्या वरताण आवाजात मी सुरू झाले. "तुमचा उंदीर कोपऱ्यात बसला तर तुम्ही चारचार जण वाकून बघता! मी हिवाळ्यापासून कोपऱ्यात बसलेय, मला एकदा तरी विचारलंत काय होतंय म्हणून?"

"हळू बोल गं."

"का हळू? कुणाला कळतंय इथे? झोप लागत नाही म्हणे! झोप लागली तरच बरं वाटतं मला. उठल्यावर काय वाटतं ते ऐकायचंय? रोज सकाळी वाटतं, आज..."

आणि वीज गेली. कूलर एक आचका देऊन थांबला. माझं वाक्य काही थांबलं नाही. त्याच टिपेच्या आवाजात, एकदम शांत झालेल्या त्या खोलीत मी म्हणाले, "आज जाग आलीच नसती तर बरं झालं असतं!"

सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी नवऱ्याकडे. त्याचा चेहरा पार उतरला होता. हे त्याला माहीत नव्हतं. शब्दांत मलाही माहीत नव्हतं. ते माझ्या तोंडून मीही पहिल्यांदाच ऐकत होते. त्यानं माझा हात धरला, इतका घट्ट की बांगडी रुतली. लोकांनी लखनवी अदबीनं माना दुसरीकडे वळवल्या. आजीबाईंनी आपला विणलेला पंखा पुढे केला, "गर्मी बहुत है, बिटिया, लो।" निदान कुणाला काही कळलं नाही, एवढंच मला हायसं वाटलं.

थोड्याच वेळात आमचं नाव पुकारलं गेलं. आत मेणबत्ती लावून बसलेल्या डॉक्टरीणबाई पिकल्या केसांच्या, सुती साडीतल्या, बोलायला अगदी मऊ. "तशरीफ़ रखिए। कहिए, क्या तकलीफ़ है?"

"नींद नहीं आती," मी म्हणाले.

"और?"

"बस, इतना ही।"

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. बाईंनी पेन खाली ठेवलं. मग चाचपडत, एकेक शब्द शोधत त्या म्हणाल्या, "बाहेर तुम्ही जे बोललात, ते मी ऐकला."

मला वाटलं आता जमीन पोटात घेईल तर बरं. नंतर लगेच संताप आला. चोरून ऐकतात म्हणजे काय! मी पर्स उचलली आणि उभी राहिले.

"माफ़ कीजिए," त्या हिंदीत म्हणाल्या. "बिजली चली गई थी, कान कहाँ बंद करती? मैं नागपुर में पढ़ी हूँ, बरसों हॉस्टल में रही। समझ लेती हूँ। हिंदी में आप मुझसे नींद की ही बात करेंगी।" आणि पुन्हा त्या मोडक्या मराठीत, "मराठीत सांगा. हळू सांगा. मोठे शब्द मला येत नाही."

नवरा उठला. "मी बाहेर थांबतो," म्हणाला. पर्स हातात तशीच धरून मी काही क्षण उभी होते. दार उघडं होतं, जिना समोर होता, आणि मला तिथून पळायचं होतं, हे मी लपवणार नाही. पळाले असते तर गाठलं कुणी नसतं. पण पळून घरी जायचं होतं, आणि घरी उद्याची सकाळ होती. "बसा तुम्ही," मी त्याला म्हणाले आणि मीही बसले.

"माझा जीव नुसता टांगणीला लागलेला असतो," मी सुरुवात केली.

"टांगणी?" बाईंच्या कपाळावर आठ्या. "हे नाही कळला."

मी दुसरं काहीतरी म्हणून पाहिलं. तेही त्यांना कळेना. मला बोलायला आवडतं; म्हणींवर, वाक्प्रचारांवर माझं सगळं भागायचं आणि त्यांच्या आड मी छान लपूनही राहायचे. त्या खोलीत ते चालेना. पहिलीतल्या मुलाशी बोलावं तसं बोलावं लागलं.

"मला भीती वाटते," मी म्हणाले.

"कशाची?"

"माहीत नाही. रोज वाटते."

"आणि?"

"आणि मला कशाचाच आनंद होत नाही. मुलीचाही होत नाही." या एका वाक्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटत होती. बाईंनी ते ऐकलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीच वाईट उमटलं नाही. त्यांनी नुसती मान हलवली आणि मी बोलत राहिले. सकाळचं सांगितलं, दुपारचं सांगितलं, जाग येऊ नये असं वाटतं तेही त्यांनी स्पष्ट विचारलं तेव्हा स्पष्ट सांगितलं. स्वतःला काही करावं असं मनात येतं का, त्यांनी विचारलं. अजून नाही, मी म्हणाले, पण मला त्याचीच भीती वाटायला लागली आहे. शेजारी नवरा आवाज न करता रडत होता. त्याला रुमाल द्यावा हेही मला सुचलं नाही.

सगळं सांगून झालं. आता त्या नावं ठेवतील किंवा चालायला जा म्हणतील, असं धरून मी मान खाली घातली होती. बाई टेबलावरून थोड्या पुढे वाकल्या.

"तुम्हाला काय पाहिजे?" त्यांनी विचारलं.

एवढा साधा प्रश्न. इतक्या महिन्यांत तो मला कुणी विचारला नव्हता, मीही नाही. आपल्याला काही हवं आहे, याचाच मला विसर पडला होता. आत कुठे काही उरलंय का, ते मी शोधत बसले, आणि उरलेलं होतं. ते बाहेर यायला वेळ लागला, कारण आधी मला रडू आवरेना. बाई थांबल्या. नवराही थांबला. मग मी डोळे पुसले, वर पाहिलं आणि त्यांना नक्की कळावं म्हणून एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "मला बरं व्हायचंय. मला मदत करा."