एलुनेदबाईंचा दारूचा परवाना

एलुनेदबाईंनी आयुष्यात दारूचा थेंब जिभेला लावलेला नाही, आणि आज आमच्या गावात बिअरचा प्रत्येक ग्लास त्यांच्या परवान्यावर विकला जातो. बाहेरचे लोक हे ऐकून हसतात. आम्ही हसत नाही, कारण बाई समोरच उभ्या असतात.

वेल्सच्या किनाऱ्यावरच्या आमच्या शाळेत त्या स्वयंपाकीण होत्या. गावातले निम्मेअधिक लोक त्यांच्या हातचं खाऊन आणि त्यांची बोलणी ऐकून मोठे झालेत, त्यात मीही आलो. आमच्या चॅपलमध्ये, म्हणजे दारू निषिद्ध मानणाऱ्या गावच्या छोट्या चर्चमध्ये, त्या पंच होत्या. व्यासपीठाखालच्या मोठ्या बाकावर पंचांनीच बसायचं असतं आणि तिथे बसलेल्या त्या गावातल्या पहिल्या बाई. त्यांचा धाकटा भाऊ इथेल याचं जग वेगळं. तो 'गलबत' नावाचा पब चालवायचा आणि त्याच्याच माडीवर राहायचा. भावाबहिणीचा एकमेकांवर फार जीव, पण बाईंनी पबचा उंबरा कधी ओलांडला नव्हता.

गेल्या हिवाळ्यात इथेलला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि तोंडात दोनच शब्द राहिले, 'हो' आणि 'नको'. पब ज्या कंपनीचा होता तिने कळवलं, की परवाना असलेला दुसरा माणूस उभा करा, नाहीतर उन्हाळ्याआधी इमारत विकून टाकू. आता विकणार म्हणजे काय, लिव्हरपूलचा कुणीतरी ती घेणार, सुट्टीचं घर करणार आणि वर्षातून दोनदा येऊन आम्हाला हात हलवणार. इथेलची रवानगी मात्र लांबच्या वृद्धाश्रमात, जिथे त्याची वेल्श भाषा कुणाला कळत नाही. 

परवान्यासाठी आधी एक परीक्षा असते. पहिल्यांदा मीच बसलो आणि नापास झालो. अर्धं आयुष्य पबमध्ये काढलेला माणूस दारूच्या परीक्षेत नापास, हे गाव मला मरेपर्यंत ऐकवणार आहे.

मी पोस्टमन. दुसऱ्या दिवशी टपाल टाकायला गेलो तर बाई दारातच उभ्या.

"नापास झालास म्हणे."

"कायद्याचे प्रश्न होते, बाई. पिण्याबद्दल काहीच नव्हतं."

"असतं तर पहिला आला असतास. ते पुस्तक आण इकडे."

बाई परीक्षेला बसल्या आणि सहज पास झाल्या. मी विचारलं, कसं जमलं?

"त्यात जमायचंय काय? लहानांना द्यायची नाही, झिंगलेल्याला द्यायची नाही, एकदा नाही म्हटलं की नाही. शाळेत तुम्ही दुसऱ्यांदा पुडिंग मागायचात तेव्हा मी वेगळं काय करत होते?"

चारित्र्याचा दाखला आला, तो स्वच्छ. दुसरा कसा येणार होता? राहिला फोटो. हा चेहरा याच बाईंचा आहे, असं फोटोमागे लिहून कुणातरी प्रतिष्ठित माणसाने सही करावी लागते. मी म्हटलं, बँगोरला एखाद्या वकिलाकडे जाऊन येऊ, बोभाटा नको.

"म्हणजे मी काय चोरी करतेय का? पाळकांकडे जायचं. गाडी काढ."

आमचे पाळक, म्हणजे चॅपलचे धर्मगुरू, टेग्विन रोलंड्स वयाने तरुण आणि स्वभावाने भिडस्त. त्यांनी चहा केला, फोटो उलटा केला, सुलटा केला.

"बाई, चेहरा तुमचाच आहे, प्रश्नच नाही. पण पंच काय म्हणतील?"

"पंचांतली एक मी आहे. मी म्हणते, सही करा."

"बाकीचे म्हणतील, बाक तरी सोडा नाहीतर पब तरी."

बाईंनी चहाचा कप बाजूला सरकवला.  

"तो बाक मला फार प्रिय आहे, टेग्विन," त्या म्हणाल्या. "माझ्या आईला तिथे बसायची सोय नव्हती. मी बसले त्या दिवशी ती समोर बसून रडत होती. पण माझ्यावाचून बाकाचं काही अडणार नाही. इथेलचं अडेल. लिहा तुम्ही."

पाळकांनी लिहिलं, शाई वाळेपर्यंत फोटो हातात धरून बसले आणि मग आम्हाला गाडीपर्यंत सोडायला आले.

पंचांनी करायचं तेच केलं, बाक सोडायला सांगितलं. बाई बाक सोडून खिडकीजवळ जाऊन बसल्या आणि तिथून आणखी मोठ्याने गायला लागल्या. मला पंचांचा असा राग आला की दोन दिवस त्यांचं टपाल मी उशिरा टाकलं.

ही बातमी इथेलला मीच सांगितली. "नको," तो म्हणाला. "नको, नको." डाव्या हाताने काठी जमिनीवर आपटत राहिला. बहिणीचा बाक जाण्यापेक्षा पब गेलेला त्याला चालला असता.

परवाना आला त्या सकाळी बाई पबच्या पुढच्या दाराने आत शिरल्या. "आता नको म्हणून काय फायदा?" त्यांनी भावाला सुनावलं. "कौन्सिलचा शिक्का बसलाय."

आमच्याकडे परवानेदाराचं नाव पबच्या चौकटीवर रंगवायची रीत आहे. रंगारी शिडीवर चढला. इथेलला आम्ही खुर्चीत बसवून, अंगावर घोंगडी घालून बाहेर आणलं.

"त्याचं नाव आहे तसं राहू दे," बाई रंगाऱ्याला म्हणाल्या. "माझं खाली लिही. बारीक."

"नको," इथेल म्हणाला.

"बरं, मग त्याच्याच शेजारी लिही."

"नको."

"अरे, मग तुझं पुसू का काय?"

"नको."

रंगारी वैतागला. म्हणाला, तुमचं घरात काय ते ठरवा आणि मग मला बोलवा. तेवढ्यात इथेलने डावा हात उचलला आणि स्वतःच्या नावाच्या वरची मोकळी जागा दाखवली.

"वर?" मी विचारलं.

"हो."

"इथेल, पब तुझा आहे," बाई म्हणाल्या. "हे बरं दिसत नाही."

"हो," इथेल म्हणाला आणि हात खाली घेईना. रंगाऱ्याने ब्रश बुडवला.

बाईंनी आमच्याकडे पाठ फिरवली. "ग्विलिम, आज टपाल वाटायचं नाही का रे तुला?" त्या म्हणाल्या.