एक्स्प्रेस मास्तरांचा स्वर्ग

पाळकसाहेबांची प्रार्थना अजून गावातल्या आजाऱ्यांपर्यंतही पोचलेली नसायची, आणि मागच्या बाकावरून एक्स्प्रेस मास्तरांचा ‘आमेन’ होऊन जायचा. पाळकसाहेब डोळे मिटलेले ठेवूनच क्षणभर थांबत आणि मग राहिलेल्या विधवा, अनाथ आणि देशाचे अधिकारी यांना एका दमात देवाच्या हवाली करून टाकत. मास्तर तोवर टोपी शोधायला लागलेले असत.

मुलांनो, हे एक्स्प्रेस मास्तर म्हणजे तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ, माझे दीर. खरं नाव शमुवेल, पण त्या नावाने नगरात त्यांना कुणी ओळखलं नसतं. तोफखाना भागात त्यांचा टायपिंगचा क्लास होता. “चुका मागून सुधारता येतात, गेलेला वेळ येत नाही,” हे त्यांचं ब्रीद. त्यांचे विद्यार्थी जिल्ह्यात सर्वांत वेगवान म्हणून प्रसिद्ध होते आणि परीक्षेत नापास होण्यातही पुढे होते. घरच्या अंगणात सीताफळाची दोन झाडं होती. मास्तर प्रत्येक फळ झाडावर असतानाच रोज अंगठ्याने दाबून बघायचे. त्या घरात पिकलेलं सीताफळ मी कधी खाल्लं नाही. सगळी दाबून दाबून काळी पडत.

हे सगळं आज आठवायचं कारण परदेशातली आपली नेहा. तिने परवा फोनवर सांगितलं, की तिकडे आता चांगली धडधाकट, नोकरीधंद्याची माणसं गादीवर आडवी होतात, डोळ्यांवर पट्टी बांधून घेतात, कसल्या नशेच्या अळंब्या खातात आणि दुपारपर्यंत देवाला भेटून येतात. तिच्या ओळखीचे एक पाळकही जाऊन आले म्हणे. “आजी, तुझं मत काय?” असं तिने विचारलं. आजाऱ्याला डॉक्टर काय देतात ते डॉक्टरांनी बघावं, त्यात मी पडत नाही. देवाच्या भेटीपुरतं बोलायचं तर माझं मत नव्वदच्या दशकातच तयार झालं, आणि तेही एका म्हशीसमोर.

आमच्या चर्चच्या मंडळीत दर गुरुवारी प्रार्थनासभा असे आणि तिच्या शेवटी साक्षी. देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते ज्याने त्याने उभं राहून सांगायचं. दवाखान्यातल्या निवृत्त सिस्टरांना वॉर्डात प्रकाश दिसला होता. याकोब गवंड्याला बांधकामाच्या परांचीवर असताना नावाने हाक ऐकू आली होती आणि तो खाली उतरताच परांची कोसळली होती. मास्तरांकडे मात्र सांगण्यासारखं काहीच नव्हतं. उपास करून झाले, डोंगरावर जाऊन प्रार्थना करून झाल्या. एकदा माझ्याकडे चहा पिताना ते म्हणाले, “वहिनी, इतकी वर्षं मी दार ठोठावतोय. उघडू नका, पण निदान आतून ‘कोण आहे’ एवढं तरी म्हणा.” मी त्यांच्या पुष्कळ गोष्टींना हसले आहे. त्या वाक्याला मी हसले नव्हते.

अशा अवस्थेत दानिएल आला. गोव्याकडून निघालेला परदेशी मुलगा, नगरजवळ त्याची बुलेट बंद पडली, आणि तिचा सुटा भाग पुण्याहून येईपर्यंत मास्तरांनी त्याला क्लासवरची खोली दिली. खांद्यापर्यंत सोनेरी केस, दाढी, निळे डोळे, पायात काही नाही. आमच्याकडच्या कॅलेंडरांवर प्रभू जसा छापलेला असे, अगदी तसाच दिसायचा. अर्धं काम तिथेच झालं असावं.

मी त्याला एकदा जेवायला बोलावलं. पुरी-भाजीवर ताव मारत तो मला म्हणाला, की तुमच्या चर्चकडे फक्त नकाशा आहे, मी त्या गावाला जाऊन आलोय. मी विचारलं, तिथे कोण भेटलं? तो म्हणाला, कुणी नाही, तिथे सगळं एकच असतं. मी म्हटलं, मग ते गाव वेगळं असेल. माझ्या प्रभूला नाव आहे आणि त्याच्या हातांना वण आहेत. तो खूप गोड हसला आणि त्याने आणखी पुऱ्या मागितल्या. मास्तर मात्र जेवण विसरून त्याच्याकडे बघत होते. उपास नको, डोंगर नको, पोस्टाच्या तिकिटाच्या कोपऱ्याएवढा, कसल्याशा नशेच्या औषधात भिजवलेला कागद जिभेवर ठेवायचा आणि तासाभरात देव. एक्स्प्रेस मास्तरांसाठीच काढलेली गाडी होती ती.

एका शनिवारी दुपारी माझी जाऊ रूथ हिने शेजारणीकरवी मला बोलावणं पाठवलं. मी पोचले तेव्हा मास्तर समोरच्या किसन गवळ्याच्या गोठ्यात म्हशीच्या गळ्यात हात टाकून उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. “वहिनी, हिच्या डोळ्यांत बघा. सगळं आहे इथं,” ते म्हणाले. किसन धार काढायचा खोळंबला होता. तो अदबीने म्हणत होता, “मास्तर, सोडा आता तिला. दूध चोरंल ती. संध्याकाळी गिऱ्हाइकाला काय सांगू मी?” दानिएल कट्ट्यावर बसून बासरी वाजवत होता. मी त्याला इंग्रजीत जे सांगितलं ते इथे लिहीत नाही. तुमच्या शाळेत ते चालणार नाही.

आम्ही दोघींनी मास्तरांना धरून घरी आणलं. भिंती श्वास घेत होत्या, मुंग्या गीत गात होत्या, मी स्वतः म्हणे सोन्याची दिसत होते. आणि मग ते एकदम शांत झाले, रूथचा हात धरला आणि म्हणाले, “सुनंदा दिसली. मी तिला माफ केलं. सगळं संपलं.” रूथने लगेच शेंगदाणे भाजायला घेतले.

सुनंदा ही त्यांची एकुलती एक मुलगी. तिने नेवाशाच्या झेडपी शाळेतल्या मिलिंद नावाच्या शिक्षकाशी लग्न केलं होतं. मुलगा बौद्ध. मास्तरांनी तिचा फोटो भिंतीवरून उतरवला आणि तिला दार बंद केलं. आता सांगायचं तर आमची आणि त्याची आजी एकाच गावच्या एकाच विहिरीबाहेर रिकामी घागर घेऊन उभी राहिलेली असणार. एकीची नातवंडं प्रभूकडे गेली, दुसरीची बुद्धाकडे, आणि वर उच्चनीच शिल्लक ठेवायचं काम मास्तरांनी आपल्याकडे घेतलं. रूथ बाजाराची पिशवी घेऊन तारकपूरच्या एसटी स्टँडवर जायची आणि तिथल्या बाकावर लेकीला भेटून यायची. नातवाला तिने पहिल्यांदा मांडीवर घेतलं तेही त्याच बाकावर.

रविवारी सकाळी रूथ उपासनेची पांढरी साडी नेसून, शेंगदाण्याचे लाडू पिशवीत भरून नेवाशाला निघायला तयार बसली. मास्तर उठले, चहा घेतला, पिशवीकडे पाहिलं आणि काय ते विचारलं. रूथने आदल्या दिवसाची आठवण दिली. मास्तर म्हणाले, “अगं, ते तिथलं होतं. इथं जरा विचार करावा लागेल.” आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना कशाची घाई नव्हती.

साक्ष द्यायची घाई मात्र होती. त्या गुरुवारी ते उभे राहिले आणि बोलले, आणि खोटं कशाला सांगू, फार सुंदर बोलले. प्रकाश, गीत, सोन्याचे चेहरे. म्हैस वगळली होती, कागदही वगळला होता. सिस्टर डोळे पुसत होत्या. शेवटी मास्तर म्हणाले, की त्या प्रकाशात मी माझ्या मुलीलाही माफ केलं. मंडळी ‘हालेलुया’ म्हणाली. रूथ मान खाली घालून बसली होती. मग मात्र मला बसवेना. मी उभी राहिले आणि म्हटलं, “भावजी, तुम्ही जिला स्वर्गात माफ केलंत ती नेवाशात राहते. तारकपूरहून एसटी आहे.”

मग कागदाचं सगळं बाहेर आलं. किसन गवळी आमच्या मंडळीचा नसला तरी त्याची गिऱ्हाइकं होतीच मंडळीत. कुणी म्हणालं पोलिसांत द्या, कुणी म्हणालं बहिष्कृत करा. याकोब गवंड्याने अजून कागद शिल्लक आहेत का अशी हळूच चौकशी केली. पाळकसाहेब फार बोलणारे नव्हते. ते एवढंच म्हणाले, “मास्तर, दार उघडत नाही म्हणून मागच्या भिंतीवरून उडी मारून आत गेलात. आत गेलात हे मी नाकारत नाही. पण अशा माणसाला त्या घरात पाहुणा म्हणत नाहीत.” आणि पुढे म्हणाले, की पवित्र शास्त्रात ज्यांना ज्यांना दर्शन झालं त्यांच्याकडे बघा. प्रत्येकाला लगेच कुठेतरी पाठवलंय, बहुधा जिथे जायची त्याची मुळीच इच्छा नाही अशा ठिकाणी. तुम्हाला कुठे पाठवलं?

नेहा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते एवढंच आहे. तुझ्या त्या पाळकांना विचार, गादीवरून उठल्यावर कुठे गेलात?

बुलेटचा भाग आला आणि दानिएल एका सकाळी कुणाचाही निरोप न घेता निघून गेला. सगळं एकच असल्यावर निरोप घ्यायचा तरी कुणाचा? जाताना त्याने मास्तरांसाठी तसलाच एक कागद मात्र ठेवला होता. मास्तर तो पाकिटात घालून हिंडत होते. सभेनंतर महिनाभर ते कुणाशी धड बोलले नाहीत. मग एका संध्याकाळी, मी तिथेच होते, त्यांनी रूथला सांगितलं, की मी नेवाशाला येतो. रूथच्या हातातली पळी तशीच राहिली. मास्तर पाकीट काढून म्हणाले, की फक्त एसटीत बसण्याआधी मी हा घेईन. तो घेतला की मन मऊ होतं. सुनंदासमोर गेलो आणि राग वर आला, तर सगळंच फिसकटेल.

बिचारे अगदी मनापासून बोलत होते. मला क्षणभर वाटलंही, की जाऊ दे, लेकीचं दार तरी उघडेल. रूथ संसारात कधी नवऱ्यापुढे आवाज चढवून बोलली नव्हती, आणि त्या दिवशीही तिने आवाज चढवला नाही.

“मग माफी त्या कागदाने केली म्हणायची,” ती म्हणाली. “तुम्ही कुठे होता?”

मास्तर पाकीट मिटायला लागले.

“राग येईल तर येऊ द्या. रागासकट या. माझी लेक बापाची वाट बघतेय, कागदाची नाही.” तिने हात पुढे केला. मास्तरांनी बराच वेळ पाकिटाकडे पाहिलं आणि मग कागद तिच्या हातावर ठेवला. तिने तो स्टोव्हवर धरला आणि भाजी ढवळायला लागली. ऊदबत्तीएवढाही धूर आला नाही त्याचा.

नेवाशाला मीही गेले. दर्शन वगैरे काही नव्हतं. एसटीत उसाच्या भावाच्या बैठकीतून परतणारी माणसं साखर कारखान्याच्या नावाने ओरडत होती आणि मास्तर घामाने भिजले होते. घोडेगावला गाडी चहाला थांबली तेव्हा ते उतरले आणि नगरकडे जाणारी गाडी कधी आहे याची चौकशी करू लागले. रूथने खिडकीतून पाहिलं. “तुम्ही जा परत. मी पुढे जाते,” ती म्हणाली आणि लाडवांची पिशवी मांडीवर नीट केली. कंडक्टरने घंटी दिली तसे मास्तर धावत येऊन चढले, अर्थातच पुढच्या दाराने, आणि ड्रायव्हरचं ऐकून घेतलं.

सुनंदाचं घर दोन खोल्यांचं, दारात तुळस नाही की क्रूस नाही, आत बुद्धाची तसबीर. तिने दार उघडलं आणि बापाला पाहून दाराची चौकट धरून उभी राहिली. मास्तर पायरीखालीच थांबले. सगळ्या वाटेत त्यांनी काहीतरी घोकलेलं असणार, ओठ हलत होते. ते काही बाहेर येईना. शेवटी म्हणाले, “सुनंदा, माझा राग गेलेला नाही. तरी आलोय.”

“माझाही गेलेला नाही, आप्पा,” ती म्हणाली. मग बाजूला झाली. “चपला आतच काढा. बाहेर कुत्री नेतात.”

मिलिंद शाळेतून आला तेव्हा मास्तर खुर्चीच्या कडेवर बसले होते आणि नातू त्यांच्याकडे परका माणूस म्हणून बघत होता. दोघे पुरुष पावसावर आणि झेडपीच्या पगारावर प्रत्येकी दोन वाक्यं बोलले. जेवताना मास्तरांनी वरणात मीठ कमी आहे असं सांगितलं. त्या घराला सोनेरी छटा कुठेच नव्हती. ट्यूबलाइटही मधूनमधून मिचमिच करत होती.

शतक संपायच्या आतच मास्तर गेले. नवं शतक बघायची त्यांना फार उत्सुकता होती, पण थांबणं त्यांना जमत नसेच. शवपेटीला पुढून मिलिंदने खांदा दिला. कबरेपाशी पाळकसाहेबांनी विचारलं, कुणाला काही बोलायचं आहे का? सुनंदा मुलाचा हात सोडून पुढे आली. ती रडत नव्हती.

“आप्पांचा माझ्यावरचा राग शेवटपर्यंत गेला नाही,” ती म्हणाली. “पण दर महिन्याला ते नेवाशाला यायचे. कधी भांडायला यायचे, कधी नुसते जेवायला. पण यायचे.”