फलश्रुती राहिली होती, आपा

जुन्नरमध्ये लॅटिन येणारं एकच माणूस होतं. आज दुपारी आम्ही त्याला माती दिली.

झुबेदा आपा.

उभा जन्म मुंबईच्या कॉलेजात लॅटिन शिकवलं. ग्रीक-रोमन कवींवर जाडजूड लेख लिहिले. रिटायर झाल्यावर जुन्नरला भावाच्या घरी परत आल्या, एक लांबलचक रोमन काव्य मराठीत आणायचं म्हणून.

काम अर्ध्यावर आलं आणि शुगरनं डोळे नेले.

मी आळ्याचा. शिक्षण सातवी. आळेफाट्याला स्पेअर पार्टचं दुकान चालवलं, इंग्रजी अक्षरं खोक्यांवरूनच शिकलो. श्रावणात देवळात पोथी वाचतो, एवढीच काय ती विद्वत्ता.

आपांची पुतणी नसरीन आमच्या गावात टीचर. देवळाच्या भोंग्यावर माझं वाचन ऐकून म्हणाली, "काका, आमच्या आपांना थोडं वाचून दाखवाल का?"

मला वाटलं, पेपर असेल.

गेलो तर हातात विटेएवढं पुस्तक दिलं. अक्षरं सगळी ओळखीची, शब्द एक ओळखीचा नाही!

"आपा, मला यातलं ठो कळत नाय."

"कळायचं माझ्याकडं राहू द्या, भाऊ. तुम्ही फक्त अक्षर गिळू नका. लघु-गुरू त्यांच्यातही असतं."

मग काय, मला येत होती तीच चाल लावली. पोथीची.

आपा एवढ्या हसल्या की ठसका लागला. मी वरमून पुस्तक मिटायला लागलो.

"मिटू नका हो! वर्गात आम्ही ह्या कविता डोळ्यांनी वाचत बसलो. त्या कानासाठी होत्या. चालू द्या."

झालं, ठरून गेलं. मी ओळ वाचायची, आपांनी मराठी सांगायचं, ते मोबाइलमध्ये रेकॉर्ड व्हायचं आणि संध्याकाळी नसरीन टाइप करायची.

वाचताना आपांचं बोट खुर्चीच्या हातावर ताल धरायचं.
बोट थांबलं की समजायचं, मी चुकलो.

घरी बायको, आमची मंडळी, चिडवायची, "देवाची पोथी सोडून आता रोमची व्हय? तिथलं पुण्य आणायला पासपोर्ट लागंल!"

मग आपांच्या किडन्या बिघडल्या. मंचरला डायलिसिस सुरू झालं. परत येताना पार गळून जायच्या, तरी दारातूनच विचारायच्या, "भाऊ आले का?"

"आपा, आज आराम करा की."

"आराम कसला! आधी कोण संपतंय बघू. मी का पुस्तक."

ग्रंथ अर्धा ठेवणं आमच्यात बरं मानत नाहीत, आणि हा तर त्यांच्या जन्माचा ग्रंथ. तेव्हापासून मी एसटी चुकू दिली नाही.

एकदा लढाईचा भाग चालला होता. शत्रूकडचा एक पोरगा पडतो, आणि कवी सगळी लढाई बाजूला ठेवून त्याच्या आईला रडू देतो. आपांनी अर्थ सांगितला तसा मी अडलो.

"शत्रूची आई ना ही?"

"व्हय. म्हणून तर अजून वाचतोय आपण."

पुढची ओळ वाचायला मला पाणी प्यावं लागलं.

आणि ग्रंथ तडीस गेला!

समाप्ती म्हणून मी नारळ नेला होता. चिडवणाऱ्या मंडळीनंच शिऱ्याचा डबा भरून दिला होता. शेवटची ओळ वाचली, पान उलटलं, तर पुढं कोरं.

"आपा, फलश्रुती कुठंय?"

"यांच्यात नसते ती."

"असं कसं? एवढं ऐकून काय मिळतं ते शेवटी सांगाया नको? मंडळी विचारंल मला!"

आपांनी शुगरला शिवी घालून चमचाभर शिरा तोंडात टाकला.

"ऐकणाऱ्यानं सांगावी की. तुम्हीच सांगा, सवडीनं."

सवड अशी मिळेल असं वाटलं नव्हतं.

तर ऐका, आपा.

दुकान पोराच्या हाती दिल्यापासून मी फाट्यावर बसून गाड्यांच्या पाट्या वाचायचो. दिवस ढळता ढळत नव्हता. तुमच्याकडं यायला लागलो आणि सकाळी उठून दाढी करायला कारण मिळालं.

या वयात माझा आवाज कुणाच्या तरी कामी आला.

कुठल्या मुलखातली, कुठल्या काळातली ती आई. माझ्या गळ्यातून रडली.

आणि मला बहीण नव्हती. ती जुन्नरला मिळाली.

एवढं मिळालं. आत्ताच मंडळीलाही सांगितलं. पदर डोळ्याला लावून म्हणाली, "मग पासपोर्ट न्हाई लागला."

आज कबरीपाशी सगळे दुवा मागत होते. मला दुवा येत नाही. मूठभर माती घातली आणि मनातल्या मनात तुमच्या ग्रंथाची पहिली ओळ म्हटली. पोथीच्याच चालीत.

कुठं चुकलो असेन तर बोट थांबवा, आपा.

आळ्याच्या भावाचा नमस्कार.